पदराखालचे बाळ आणि ग्रुपवरचे विनोद

सातारा शहरातून एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश असा:

‘मला सात वर्षांची मुलगी आणि पाच महिन्यांचा मुलगा आहे. मुलगा फक्त अंगावर पितो. सांगलीला नात्यातल्या एका बारशाला गेलो होतो. कार्यालयात तो रडायला लागला, म्हणून मी भिंतीकडे तोंड करून, पदर पुढे घेऊन त्याला पाजले. मागे धाकट्या दिरांचे मित्र बसले होते. त्यांच्यातल्या एकाने छातीवरून अगदी घाणेरडा शब्द उच्चारला आणि बाकीचे हसले. दोन दिवसांनी मिस्टरांच्या मित्रांच्या ग्रुपवर कोणीतरी “वहिनींच्या डेअरीला फॅट किती लागतंय?” असे लिहिले, आणि मिस्टरांनी त्यावर हसणारा चेहरा टाकला. मी विचारले तर म्हणाले, मस्करी होती, तू कव्हर घालत जा, म्हणजे विषयच मिटेल. सासूबाईंनी, म्हणजे आत्यांनी, नर्सिंग कव्हर मागवून घेतले. त्याचे कापड नायलॉनसारखे आहे, आत बाळ घामाघूम होते आणि लाथा मारते. आत्या म्हणतात, सवय होईल, नाहीतर बाहेर जाताना बाटली न्यावी. घरातसुद्धा मामा, म्हणजे सासरे, हॉलमध्ये असले की मी उठून आत जाते. परवा मुलीने शाळेतून येऊन तसल्याच एका शब्दाचा अर्थ विचारला आणि मी तिच्या पाठीत धपाटा घातला. पुढच्या महिन्यात मिरजेला चुलत नणंदेचे लग्न आहे. मी कव्हर वापरावे का? की मीच निर्लज्ज आहे?’

प्रिय भगिनी,

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे आणि त्यावर अधिक शाई खर्च करावी असे मला वाटत नाही. कव्हरच्या प्रश्नाचे उत्तर मात्र इतके चटकन देता येणार नाही. बाळाला पाजताना अंग किती झाकावे ही एक गोष्ट आणि पाजणाऱ्या बाईविषयी पुरुषांनी काय बोलावे ही दुसरी. तुमच्या घरात या दोन्हींची गुंतागुंत झाली आहे, आणि दुसऱ्या गोष्टीवरचा उपाय म्हणून पहिली तुमच्या गळ्यात, अगदी शब्दशः, अडकवली गेली आहे. बोलला दुसराच कोणी, आणि कापड घेण्याची जबाबदारी आली तुमच्यावर.

तुम्हीच लिहिलेला घटनाक्रम पुन्हा वाचून पाहा. कार्यालयात तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होता आणि पदर पुढे घेतला होता, म्हणजे जे झाकायचे ते झाकलेले होते; तरीही तो शब्द उच्चारला गेला. ग्रुपवर तो विनोद आला तेव्हा तर तुम्ही कोणाच्या समोरसुद्धा नव्हता. याचा अर्थ त्या मुलांना काही दिसले म्हणून ते बोलले असे नाही. एक बाई बाळाला अंगावर पाजते आहे एवढी माहितीच त्यांना पुरेशी झाली. तेव्हा उद्या तुम्ही गळ्यापासून गुडघ्यापर्यंत कव्हर घेतले तरी ‘डेअरी’ हा शब्द थांबणार नाही, उलट त्या कव्हरवर नवा विनोद निघेल. म्हणून मी आधी त्या शब्दांविषयी लिहिते आणि कापडाविषयी नंतर.

आपल्याकडच्या कट्ट्यांवर स्तनांसाठी जे शब्द चालतात, त्यांतले बरेचसे फळांच्या गाड्यावरून आणि मोटारीच्या सुट्या भागांवरून उचललेले असतात. संत्री, लिंबे, हॉर्न, बंपर हे त्यातले छापता येण्याजोगे; बाकीचे तुम्ही रस्त्याने चालताना ऐकलेच असतील. हे शब्द बहुधा कॉलेजात जाणाऱ्या मुलींसाठी वापरले जातात. लेकुरवाळ्या बाईसाठी आणखी एक निराळा संच आहे आणि तो थेट गोठ्यातून आलेला आहे. सातारा-सांगलीकडच्या गावागावांत सकाळ-संध्याकाळ दूध संकलन केंद्रावर किटल्यांची रांग लागते, यंत्रावर दुधातले फॅट आणि एसएनएफ (म्हणजे फॅटखेरीजचे घन घटक) दिसतात आणि त्यावरून दर ठरतो. ही भाषा आपल्याकडच्या प्रत्येक पोराच्या कानावर लहानपणापासून पडलेली असते. ‘किती लिटर?’, ‘धार काढली का?’, ‘फॅट किती?’ हे प्रश्न बाईला उद्देशून विचारले की विनोद झाला असे त्यांना वाटते. त्यातली गोम अशी की बाळाची भूक त्या विनोदात कुठेच नसते. उरते ते मोजमाप, आणि मोजमाप जनावराचे करतात. खरे तर जो माणूस रोज पहाटे गोठ्यात बसतो, तो म्हशीशी याहून मायेने वागतो. ती पान्हावेपर्यंत रेडकाला पुढे घेतो, तिच्या पाठीवरून हात फिरवतो आणि तिच्याशी बोलतो. विनोद करणाऱ्याने आयुष्यात कधी किटली उचलली असेल की नाही, याची मला शंकाच आहे.

आता तुमच्या यजमानांविषयी. त्यांनी तो विनोद केला नाही, हे मला मान्य आहे. त्यांनी हसणारा चेहरा टाकला आणि मग तुम्हाला कव्हर घालायला सांगितले, ही मात्र माझ्या मते या संपूर्ण पत्रातली सर्वात गंभीर गोष्ट आहे, त्या कार्यालयातल्या शब्दापेक्षाही. अनोळखी पोराची जीभ आपल्या हातात नसते. नवऱ्याने कोणाच्या बाजूने हसावे हे मात्र त्याच्या हातात असते. ते वाईट स्वभावाचे आहेत असे तुमच्या पत्रावरून दिसत नाही. ‘बायकोचा बैल’ म्हणतील या भीतीने आपल्याकडची पुष्कळ भली माणसे ग्रुपवर हसून मोकळी होतात आणि पुढच्या विनोदाला वाट करून देतात. ती भीती त्यांना बोलून दाखवू द्या, तिची थट्टा करू नका. पण नंतर त्यांच्याकडून दोन कामे नक्की करून घ्या. पहिले काम म्हणजे ज्याने तो मेसेज टाकला त्याला स्वतः फोन करून सरळ सांगणे: ‘माझ्या बायकोवर असलं काही लिहायचं नाही. मेसेज काढून टाक. मी हसलो ती माझी चूक झाली.’ इतकेच पुरे, लांबलचक भाषण नको. दुसरे काम म्हणजे धाकट्या भावाला समोर बसवून विचारणे, की तुझ्या वहिनीबद्दल तुझ्या मित्रांनी असा शब्द काढला तेव्हा तू काय केलेस. हे तुम्ही करू नका. भाऊजींना तुम्ही बोललात तर ते ‘वहिनी चिडल्या’ या सदरात जमा होईल. थोरल्या भावाने बोलले की त्याला वजन येते. हे न्याय्य आहे असे मी म्हणत नाही. घर कसे चालते ते सांगते आहे.

मेसेजचा स्क्रीनशॉट तुमच्याजवळ ठेवा. त्याची गरज पडू नये अशीच माझी इच्छा आहे, परंतु तोच माणूस पुन्हा पुन्हा असे करू लागला, तर भारतीय न्याय संहितेचे कलम ७९ तुमच्या कामी येते. स्त्रीच्या विनयशीलतेचा अपमान करण्याच्या हेतूने उच्चारलेला शब्द, केलेला हावभाव किंवा कृती यांसाठी त्यात तीन वर्षांपर्यंतच्या साध्या कैदेची आणि दंडाची तरतूद आहे. संमतीशिवाय कोणी फोटो काढला तर माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६-ई आहे. त्यात शरीराच्या खाजगी भागाची व्याख्या करताना स्त्रीच्या स्तनांचा स्पष्ट उल्लेख आहे, आणि बाई सार्वजनिक ठिकाणी बसली आहे एवढ्यावरून तिची खाजगी राहण्याची अपेक्षा संपते असे तो कायदा मानत नाही. घरातल्या दोन फोननी जे मिटेल ते पोलीस ठाण्यापर्यंत न्यायला मी सांगणार नाही, पण आपल्या मागे काय उभे आहे ते माहीत असले की बोलताना आवाज कापत नाही.

आता कव्हर. गळ्यात अडकवायचे एप्रनसारखे हे कापड आपल्याकडे अलीकडच्या काळात ऑनलाइन दुकानांतून घरोघरी पोहोचले. त्याआधी पाश्चात्त्य देशांत, विशेषतः अमेरिकेत, त्याचा बाजार फोफावला. तिथे १९७० च्या सुमारास अंगावर पाजण्याचे प्रमाण अगदी तळाला गेले होते, म्हणजे एक संपूर्ण पिढी बाटली पाहत वाढली होती आणि पाजणारी आई दिसली की तिला अवघडल्यासारखे होत होते. पुढे आया पुन्हा अंगावर पाजू लागल्या, पण पाहणाऱ्यांची नजर लगेच बदलली नाही. तिथेही या कापडावरून बायकांचे दोन तट आहेत: एकीला त्यामुळे निर्धास्त बाहेर पडता येते, तर दुसरीला आपल्याला शिक्षा झाल्यासारखे वाटते. कायदा मात्र तिथे पुढे गेला. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यानुसार पाजत असल्यामुळे एखाद्या आईला दुकानातून किंवा हॉटेलातून उठवणे हा भेदभाव ठरतो, आणि अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कायद्याचे संरक्षण आहे.

यावर आपल्याकडे लगेच कोणीतरी म्हणते, की आपल्याला असल्या गोष्टींची गरज नव्हती, आपल्या आज्या पदराखाली खुशाल पाजायच्या. ते निम्मेच खरे आहे. शेतावर जाणारी बाई बांधावर बसून पाजत होती, हे खरे. परंतु वाड्यांतून आणि गोषा पाळणाऱ्या घरांतून बाळंतिणीला बाहेरच्या सोप्यात येण्याचीच मुभा नव्हती, म्हणून तिला कापडाचा प्रश्न पडत नव्हता एवढेच. पदराचा एक गुण मात्र मान्य करायला हवा. तो बाईचा स्वतःचा, अंगावरचा असतो, सुती असतो, तिला तो बोटाने हवा तितका उचलून बाळाचे तोंड पाहता येते आणि त्यासाठी पिशवीतून वेगळी वस्तू काढून ‘आता मी पाजणार आहे’ अशी दवंडी पिटावी लागत नाही.

आणि कापडाची ही सगळी चर्चा किती जणींसाठी आहे, तेही पाहा. गळीत हंगामात मराठवाड्यातून आपल्याकडे ऊसतोडीला येणाऱ्या बाया कराड-वाळव्याच्या फडांत ट्रॉलीच्या सावलीत बसून लेकराला छातीशी घेतात आणि मोळ्या बांधायला पुन्हा उठतात. त्यांना कव्हर घेण्याचा सल्ला कोणी देत नाही. त्याचे कारण आपण उदार आहोत असे नाही. त्यांच्या लाजेची काळजी करावी असे आपल्याला वाटतच नाही, आणि रस्त्याने जाणारी पोरे त्यांच्यावर जे शब्द फेकतात त्यांची दखल घरीदारी कुठेच घेतली जात नाही. याच्या उलट चित्र मी वारीत पाहिले आहे. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरेचे स्नान करून आपल्या जिल्ह्यात येते, तेव्हा लोणंदपासून तरडगाव, फलटणपर्यंतच्या वाटेवर झाडाखाली, टँकरच्या आडोशाला, दिंडीच्या मुक्कामात बायका पोरांना पाजत बसलेल्या असतात आणि शेजारचा वारकरी भाकरी खात असतो. त्याची मान वळत नाही. माणसे तीच, गावे तीच. विठोबाला माउली म्हणत चालणाऱ्याला समोरची माउली जड जात नाही, आणि तोच माणूस घरी परतल्यावर आपल्या सुनेने आतल्या खोलीत जावे अशी अपेक्षा ठेवतो, हे मात्र मला अजून नीटसे उलगडलेले नाही.

तेव्हा कव्हर वापरावे का? तुम्हाला त्यामुळे मोकळे वाटत असेल तर जरूर वापरावे, नसेल तर वापरू नये, आणि ‘मोकळे वाटणे’ या शब्दांत तुमच्या बरोबरीने तुमचे बाळही आले. पान्हा फुटणे ही मनाशी जोडलेली क्रिया आहे. बाळ ओढू लागले की ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवते आणि दूध पुढे येते, पण आई भेदरलेली किंवा संकोचलेली असेल तर तेच काही वेळ अडते, बाळ चिडते, आणि चिडलेल्या बाळाकडे सगळ्या कार्यालयाचे लक्ष जाते. काही जणींना गर्दीत एक कापड पुढे असले की धीर येतो आणि पान्हा सहज फुटतो. त्यांना कव्हर सोडा असे सांगणे हीही जबरदस्तीच होईल. तुमच्या बाबतीत मात्र बाळानेच लाथा मारून उत्तर दिलेले आहे. पाच महिन्यांच्या बाळाला आता आजूबाजूचे जग पाहायचे असते, आवाज झाला की ते स्तन सोडून मान वळवते, तोंडावर कापड आले की ओढते. त्यातून आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे झुकतो. अशा दिवसांत कृत्रिम धाग्याच्या कापडाखाली बाळाचे डोके आईच्या अंगाला चिकटून ठेवणे योग्य नाही. त्याचे नाक मोकळे आहे ना, तोंड नीट लागले आहे ना, हे आईला सतत दिसले पाहिजे. आत्यांची ‘सवय होईल’ ही समजूत म्हणून मला पटत नाही. उकाड्याची सवय बाळाने का करावी?

वापरायचेच असेल तर कापड मलमलीचे किंवा पातळ सुती निवडा, आणि गळ्याशी वाकवता येणारी ताठ पट्टी असलेले निवडा, म्हणजे वरून फट राहते, वारा जातो आणि तुम्हाला बाळाचे डोळे दिसतात. आधी घरी चार वेळा वापरून पाहा, एकदम लग्नात नको. कव्हर नको असेल तर साडीतला एक साधा उपाय असा, की ब्लाउजचे हुक वरून सोडण्याऐवजी खालून सोडावेत. वरचा भाग झाकलेला राहतो, खालचा भाग बाळाच्या डोक्याने झाकला जातो, आणि पदर नुसता खांद्यावरून सोडला तरी पुरतो. पदर डाव्या खांद्यावर असल्यामुळे उजवीकडे पाजताना पंचाईत होते, तिथे पदराचे टोक पाठीमागून उजव्या खांद्यावर घ्यावे. ड्रेस घालणार असाल तर आडव्या झाकणाचे किंवा बाजूच्या चेनचे फीडिंग कुर्ते मिळतात, आणि तुमच्या शिंप्याला सांगितले तर जुन्या कुर्त्यालाही चेन लावून मिळेल.

बाटलीविषयी मात्र आत्यांना ठाम पण गोड शब्दांत नकार द्या. पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाखेरीज काहीही, अगदी उन्हाळ्यात पाणीसुद्धा, देऊ नये आणि पुढे वरच्या अन्नासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ पाजावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पर्यायी दुधाच्या आणि बाटल्यांच्या जाहिरातींवर बंदी आहे, ती उगीच नाही. बाहेर गेल्यावर एक-दोन वेळा पाजणे चुकवले की दूध साचते, छाती दगडासारखी होते, गाठ धरते, ताप येतो, आणि वारंवार असे झाले की दूधच कमी तयार होऊ लागते, कारण जितके ओढले जाते तितकेच शरीर पुढच्या वेळी तयार करते. स्वतःचे दूध पिळून न्यायचे म्हटले तरी ते पंचवीस अंशांपर्यंतच्या खोलीत सुमारे चार तास टिकते. वैशाखातल्या मंगल कार्यालयात पंचवीस अंश कुठून मिळणार? अगदीच अडले तर वाटी-चमचा किंवा आपले जुने बोंडले, म्हणजे चोचीची छोटी वाटी, बाटलीपेक्षा बरे, कारण ते उकळून स्वच्छ करता येते आणि त्याने बाळाची अंगावर पिण्याची सवय बिघडत नाही.

आत्यांशी बोलताना त्यांना विरोधी पक्षात बसवू नका. त्यांनी पैसे खर्च करून कव्हर मागवले ते तुम्हाला कोणी बोलू नये म्हणूनच. एखाद्या दुपारी त्यांना विचारा, ‘आत्या, तुम्ही यांना कसं पाजायचात? घरात तेव्हा किती माणसं होती?’ या प्रश्नावर बहुतेक सासवा तासभर बोलतात, आणि त्या बोलण्यात दाराआडचे, चुलीपुढचे, सासऱ्यांच्या खाकरण्याने दचकून उठण्याचे असे काही ना काही निघतेच. त्यानंतर म्हणा, ‘कव्हर एसटीत वापरते, पण घरात बाळाला उकडतं, घरात पदरच बरा.’ मामांसाठी वेगळे काही करावे लागेल असे मला वाटत नाही. जुन्या वळणाची माणसे अशा वेळी वर्तमानपत्र घेऊन आपसूक व्हरांड्यात जाऊन बसतात, त्यांना फक्त कोणी तरी, म्हणजे आत्यांनी, एकदा सुचवावे लागते. बाळ रडले की उठून जाण्याची पाळी प्रत्येक वेळी त्याच्या आईवरच का यावी, एवढा एक प्रश्न त्यांच्या कानावर घालायला हरकत नाही.

घराबाहेर पाजण्यास मनाई करणारा कोणताही कायदा आपल्या देशात नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सार्वजनिक इमारतींमध्ये पाजण्यासाठी खोल्या असाव्यात, या मागणीवरील निकालात आईचा आणि बाळाचा हा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला आणि सार्वजनिक ठिकाणी पाजण्याला कलंक मानू नये असेही सांगितले. आपल्या एसटीच्या अनेक स्थानकांवर हिरकणी कक्ष आहेत. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे धावलेल्या गवळणीचे नाव त्या खोल्यांना दिले, हे छानच झाले; कुलूप दिसले तर स्थानकप्रमुखांकडे किल्ली मागा, ती मागणे हा तुमचा हक्क आहे. परंतु कक्ष आहे म्हणून बाकावर पाजायचे नाही, असा त्याचा अर्थ कोणी काढू लागले तर ते मान्य करू नका. केरळमध्ये ‘गृहलक्ष्मी’ या मल्याळम नियतकालिकाने मार्च २०१८ च्या मुखपृष्ठावर पदर न घेता पाजणाऱ्या स्त्रीचे छायाचित्र छापले, तेव्हा मोठे वादळ उठले, प्रकरण उच्च न्यायालयात गेले आणि न्यायालयाने त्या छायाचित्रात अश्लीलता नसल्याचे सांगून तक्रार फेटाळली. छायाचित्रातील तरुणी स्वतः आई नाही, यावरूनही टीका झाली, आणि त्या टीकेत मला थोडे तथ्य वाटते. त्या मुखपृष्ठापेक्षा लोणंदच्या वाटेवरची बाई मला अधिक धीट वाटते, कारण तिला काहीच सिद्ध करायचे नसते.

मिरजेच्या लग्नाचे म्हणाल, तर नणंदेच्या आईला आजच फोन करा आणि वधूपक्षाच्या खोलीत पंख्याखाली एक खुर्ची तुमच्यासाठी ठेवायला सांगा. ही सोय तुमच्या आणि बाळाच्या निवांतपणासाठी आहे, लपण्यासाठी नाही. अक्षता पडताना बाळाला भूक लागली तर तिथेच, आपल्या बायकांच्या रांगेत बसून पाजा, आणि यजमानांना शेजारी उभे राहायला सांगा. त्यांनी त्या वेळी दुसरे काहीही करण्याची गरज नाही.

दूध साचून गाठ आल्यासारखी वाटली, तांबूसपणा आणि ताप आला, तर थांबू नका, पाजणे सुरू ठेवून डॉक्टरांकडे जा. आणि तिथे गेल्यावर ‘छातीत दुखतंय’ एवढेच सांगून गप्प बसू नका. ‘छाती’ म्हटल्यावर ऐकणाऱ्याच्या मनात हृदय येते, खोकला येतो. ‘उजव्या स्तनात गाठ आहे, अमुक दिवसांपासून आहे,’ असे स्पष्ट सांगा, समोर पुरुष डॉक्टर असले तरी. आपल्या देशातल्या बायकांमध्ये सर्वाधिक आढळणारा कर्करोग स्तनाचा आहे. पाजणाऱ्या आईची बहुतेक गाठ दुधाचीच असते, हे खरे, पण काही दिवसांत न विरघळणारी गाठ तपासूनच घ्यायची असते. शरीराच्या या भागाचे सभ्य नाव तोंडातून निघत नाही, म्हणून किती बायका महिनोन् महिने गाठ अंगावर काढतात, हे कोणत्याही गावच्या आशाताईंना विचारा.

हाच धागा तुमच्या मुलीपर्यंत जातो. तिने तो शब्द तुम्हाला विचारला, म्हणजे उत्तर तुमच्याकडे मिळेल असे तिला वाटले. धपाट्यानंतर तिला तसे वाटेनासे होईल आणि पुढचा शब्द ती मैत्रिणीला किंवा फोनला विचारील. आधी तिला जवळ घेऊन ‘मी मारायला नको होतं’ असे सांगा. मग सरळ सांगा, की बाईच्या छातीवर जे असतात त्यांना स्तन म्हणतात, भैया तिथूनच दूध पितो, तूही प्यायचीस, आणि मोठी झाल्यावर तुलाही येतील. तू ऐकलास तो शब्द दुसऱ्याला हिणवायला वापरतात, म्हणून आपण तो वापरत नाही, आणि कोणी तुला उद्देशून वापरला किंवा तिथे हात लावला तर घरी येऊन लगेच सांगायचे, तुला कोणी रागावणार नाही. कोणत्या मुलाने कुठे तो शब्द म्हटला हे तिच्याकडून समजले तर वर्गशिक्षिकेला भेटा, पण मुलाचे नाव घेऊन त्याला शिक्षा द्या असा आग्रह धरू नका. सात-आठ वर्षांच्या मुलाने तो शब्द कुठल्यातरी मोठ्या माणसाकडूनच उचललेला असतो. हे बोलणे तिची वेणी घालताना करा. समोर बसवून केलेल्या उपदेशापेक्षा अशा वेळी मुली जास्त विचारतात. तिने काही अवघड विचारले आणि तुम्हाला उत्तर सुचले नाही, तर ‘उद्या सांगते’ म्हणा आणि दुसऱ्या दिवशी आठवणीने सांगा.